पार्सल अजून ‘इन ट्रान्झिट’च आहे, ताई

ताई,

मी हाताने शिवलेल्या वह्या करते. कापडी पुठ्ठा, जाड कागद, दोऱ्याची शिवण. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन विकायला लागले आणि बघता बघता निम्म्याहून जास्त ऑर्डरी परदेशातून यायला लागल्या. तेव्हा फार आनंद व्हायचा. आता परदेशी पत्ता दिसला की पोटात गोळा येतो.

गेल्या वर्षभरात एक पार्सल ७१ दिवसांनी पोचलं. तोवर मी पैसे परत केले होते, आणि वह्या हातात पडल्यावर खरेदीदाराने ‘मिळाल्या’ एवढंही कळवलं नाही. दुसऱ्या एका बाईंकडे दारात कर मागितला. त्यांनी पार्सल घेतलंच नाही. ते तीन महिन्यांनी कोपरे चेपून माझ्याकडे परत आलं, वर एका स्टारचा रिव्ह्यू. एका गृहस्थांनी बँकेकडे तक्रार करून पैसे परस्पर ओढून घेतले. माझ्याकडे नंबर होता, ‘यूए’ने सुरू होणारा, पण माल देशाबाहेर पडल्यावर त्यावर एक ओळ पुढे सरकली नव्हती. तो पुरावा कुणी धरलाच नाही. आणि एक रजिस्टर्ड पार्सल, सहा वह्यांचं, माझी आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. पाच महिने होत आले, अजून ‘इन ट्रान्झिट’च आहे. टपाल कार्यालयात चार खेपा झाल्या. ‘पुढच्या देशाकडून माहिती आलेली नाही, थोडं थांबा’, हेच उत्तर.

रात्री दोन-दोन वाजता उठून मी ट्रॅकिंग बघते. दर तर वाढतच चाललेत. काही खरेदीदार म्हणतात, फॉर्मवर ‘भेटवस्तू’ लिहा, किंमत कमी दाखवा, सगळेच करतात. खरंच करतात का? सगळं कुरिअरने पाठवू? की परदेशी विक्रीच बंद करू?

– वह्यावाली

*

प्रिय वह्यावाली,

तुमचं पत्र वाचताना मी ‘यूए’पाशी थांबले. तुमच्या निम्म्या दुखण्याचं मूळ त्या दोन अक्षरांत आहे, आणि ते तुम्हाला काउंटरवर कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय टपालाचा नंबर जगभर एकाच साच्याचा असतो: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. नऊपैकी शेवटचा आकडा म्हणजे आधीच्या आठांचा ताळा. (म्हणून खरेदीदाराने एखादा आकडा चुकीचा टाकला की वेबसाइट नंबरच नाकारते आणि तो तुम्हाला लिहितो, ‘हा नंबर खोटा आहे.’ आधी त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागवा.) पण खरी गंमत पहिल्या अक्षरात आहे. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘ई’ म्हणजे ईएमएस, म्हणजे जलद टपाल, ‘सी’ म्हणजे पार्सल, ‘एल’ म्हणजे ट्रॅक होणारं छोटं पाकीट. आणि ‘यू’ म्हणजे ट्रॅक न होणारं साधं पाकीट. त्याच्यावर बारकोड असतो तो कस्टम्सची माहिती पाकिटाला जोडण्यासाठी. तो वाटेत कुणी स्कॅन करेल असा शब्द तुम्हाला कुणी दिलेलाच नाही. सगळ्यात स्वस्त सेवा घेतली, पावतीवर नंबर दिसला आणि तुम्ही त्याला ट्रॅकिंग समजलात. तुम्हीच नाही, माझ्या ओळखीतले निम्मे विक्रेते असंच समजतात. मीही दीड वर्ष समजत होते.

कार्डाच्या तक्रारीत विचारतात ते एवढंच: माल त्या पत्त्यावर पोचला, याचा कागद आहे का? ‘यू’ नंबरवर तो कागद तयारच होत नाही. त्या गृहस्थांना वह्या मिळाल्या असोत वा नसोत, तो सामना तुम्ही पाकीट खिडकीत दिलंत तेव्हाच हरला होतात.

मग प्रत्येक वही महागड्या सेवेने पाठवायची का? नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हाच माल खिशातून पुन्हा एकदा पाठवावा लागला तर झेपेल का? झेपणार असेल तर साधं पाकीट, आणि हरवलं तर वाद न घालता दुसरं पाठवायचं. झेपणार नसेल तर ट्रॅक होणारी सेवा, आणि तिचा खर्च खरेदीदाराकडून. एक वही पहिल्या खात्यात, सहा वह्या दुसऱ्या. मधल्या दोन-तीन वह्यांचं तुमचं तुम्ही ठरवा, पण एकदाच ठरवा. दर ऑर्डरीला नव्याने जीव टांगायचा नाही.

आता त्या ‘इन ट्रान्झिट’विषयी. पाकीट तुमच्या खिडकीतून निघतं ते थेट विमानात जात नाही. ते आधी तुमच्या देशाच्या एक्स्चेंज ऑफिसात जातं. तिथे एकाच देशाकडे जाणारी शेकडो पाकिटं पोत्यात बांधली जातात, पोत्याला लेबल लागतं आणि ते विमान कंपनीच्या ताब्यात जातं. ‘देशाबाहेर रवाना’ हा स्कॅन इथला. त्याचा अर्थ विमान उडालं असा नाही, पोतं बंद झालं एवढाच. यानंतर पलीकडच्या देशाच्या एक्स्चेंज ऑफिसात ते पोतं उघडेपर्यंत तुमचं पाकीट कुणीही एकटं हातात धरत नाही. ते विमानतळावर जागेची वाट पाहत असेल, मधल्या एखाद्या देशात पडून असेल, किंवा पोचूनही न उघडलेल्या पोत्यांच्या ढिगात असेल. तिन्ही वेळी पडद्यावर तीच ओळ. पोतं उघडल्यावर कस्टम्स, मग तिथलं वितरण, आणि तिथून पुढे स्कॅन पुन्हा बोलायला लागतात.

म्हणजे रात्री दोनला तुम्ही जे बघता त्यात बघण्यासारखं काही नसतंच. खिडकीतल्या माणसालाही तुमच्यापेक्षा फार जास्त दिसत नाही. पलीकडचं टपाल जेवढं कळवतं तेवढंच त्याच्या पडद्यावर येतं. त्याच्यावर चिडून मीही पाहिलंय, काही निघत नाही.

दर वाढतच चाललेत असं लिहिलंत, म्हणून थोडं विषयांतर. १८७४ साली बर्नमध्ये देशांनी करार केला त्यात असं धरलं होतं की प्रत्येक पत्राला उत्तर जातंच. मग एकमेकांची टपाल वाटण्याचे पैसे कशाला मागायचे? ज्याने तिकिटं विकली त्याने ती रक्कम ठेवावी. हे जवळजवळ शंभर वर्षं चाललं. १९६९ च्या टोकियो परिषदेत पहिल्यांदा ठरलं की ज्या देशात टपाल जास्त येते त्याला वाटपाचा मोबदला मिळावा. तो मोबदला पत्रांच्या हिशोबाने बेतला होता, आणि पुढे त्याच पोत्यांतून इअरफोन, कानातली आणि तुमच्या वह्या जायला लागल्या. दोन किलोपर्यंतचं छोटं पाकीट टपालाच्या लेखी आजही ‘पत्र’ वर्गातच मोडतं. काही देशांना, विशेषतः अमेरिकेला, हे परवडेना. तिने या करारातून उभ्या राहिलेल्या जागतिक टपाल संघटनेतून बाहेर पडायची नोटीस दिली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास परिषद भरवून तोडगा काढावा लागला: अशा पाकिटांच्या वाटपाचा दर मर्यादेत राहून देशांनी स्वतः जाहीर करायचा. तुमच्या खिडकीवरच्या दरवाढीत त्याचाही वाटा आहे. वहीला कुणी उत्तर पाठवत नाही, हे टपालाला दीडशे वर्षांनी कळलं, असं म्हणा हवं तर.

पुढचा मुद्दा कस्टम्सचा. तुम्ही फॉर्मवर काय लिहिता ते पत्रात नाही, पण माझा अंदाज आहे: ‘स्टेशनरी’. बरोबर ना? तो शब्द वाचून पलीकडच्या अधिकाऱ्याला काहीच कळत नाही, आणि न कळलेलं पाकीट तो बाजूला ठेवतो. सीएन २२ हा लहान फॉर्म असो की जास्त किमतीच्या मालाचा सीएन २३, त्यात वस्तू अशी लिहा की न उघडता डोळ्यांपुढे यावी: ‘कोरी वही, कागदी, कापडी पुठ्ठा, दोऱ्याने शिवलेली, २ नग’. हे त्या देशात वाचता येईल अशा भाषेत. सोबत नगाचं वजन, खरी किंमत, चलन, मूळ देश आणि एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा. या कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. वह्या, रोजनिशा, लेटरपॅड यांचा ४८२०१० आहे. आपल्या पाच-सहा प्रकारच्या मालाचे कोड एकदाच शोधून भिंतीवर चिकटवून ठेवा.

हीच माहिती आता कागदाच्या आधी संगणकावरून पुढच्या देशात पोचावी लागते. जानेवारी २०२१ पासून माल असलेल्या टपालासाठी हा नियम आहे. म्हणून खिडकीत पेनाने फॉर्म भरून देण्यापेक्षा टपालाच्या वेबसाइटवरून स्वतः लेबल काढा. खिडकीतला माणूस घाईत ‘वही’चं काय टाइप करेल ते सांगता येत नाही. लेबल छापलं की पत्ता मात्र एकदा मोठ्याने वाचा. माझं एक पाकीट ‘अपूर्ण पत्ता’ असा शिक्का घेऊन चार महिन्यांनी घरी आलं. पत्त्याची दुसरी ओळ लांब होती आणि लेबलच्या चौकटीने नेमका फ्लॅटचा नंबर कापला होता. तीन वेळा तपासला होता मी तो पत्ता, पण पडद्यावर. कागदावर एकदाही नाही.

‘भेटवस्तू’ लिहायचं का? नाही. सगळे करतात का? सगळे नाही, बरेच करतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत एकदा मीही केलंय. फॉर्मवर ‘भेट’ला टिचकी मारली, किंमत निम्म्याखाली लिहिली आणि खोक्यात सगळ्यात वर ठेवलं छापील बिल, शिवाय ‘खरेदीबद्दल मनापासून आभार’ असं हाताने लिहिलेलं कार्ड. कस्टम्सने खोकं उघडलं तेव्हा त्यांना फार डोकं चालवावं लागलं नसणार. खरेदीदाराला पैसे भरल्याचा पुरावा मागितला, कर पूर्ण किमतीवर लागला, आणि ज्याने ‘असं लिहा’ म्हणून सुचवलं होतं त्यानेच मला खरमरीत मेल पाठवला. फॉर्मखाली सही तुमची असते, त्याची नाही. दुसरं असं की माल हरवला तर भरपाईचा हिशोब तुम्ही लिहिलेल्या किमतीवरून होतो. आणि विकलेली वस्तू भेट ठरत नाही. युरोपातली भेटीची सूट एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला मोबदल्याशिवाय पाठवलेल्या वस्तूला आहे. अशी मागणी आली की मी एका ओळीत लिहिते, ‘मला खरी किंमत लिहावी लागते, कर अंदाजे किती लागेल ते आधी बघून मग ऑर्डर पक्की करा.’ काही जण जातात. जाऊ द्या.

दारात पार्सल नाकारणाऱ्या बाईंचं मात्र मला थोडं पटतं. त्यांना वाटलं, आपण पैसे भरून मोकळे झालो. त्यांच्या लेखी कर ही तुम्ही लपवलेली किंमत होती. पूर्वी लहान मालाला बऱ्याच ठिकाणी सूट असायची, त्यामुळे हा प्रश्न कमी यायचा. आता ते दिवस गेले. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालाची व्हॅटमाफी काढली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली, आणि त्या आठवड्यात कित्येक देशांच्या टपाल खात्यांनी तिकडचा माल घेणंच बंद केलं, कारण कर कुणी गोळा करायचा आणि कसा भरायचा हेच ठरलेलं नव्हतं. म्हणून कराचं वाक्य पैसे भरण्याच्या बटणाच्या वर आलं पाहिजे. नियमांच्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिहून भागत नाही: ‘तुमच्या देशातला कर आणि टपालाचं हाताळणी शुल्क या किमतीत धरलेलं नाही, ते तुम्हाला भरावं लागेल.’ युरोपासाठी विक्रीची वेबसाइट व्हॅट आधीच घेत असेल तर तिचा आयओएसएस नंबर (व्हॅट विक्रीच्या वेळीच घेतल्याची खूण) लेबलच्या संगणकीय माहितीत गेला का ते बघा. तो गेला नाही तर खरेदीदाराला दारात तोच कर दुसऱ्यांदा मागतात, आणि मग एक स्टार मिळाला तर तक्रार करायला जागा उरत नाही.

कुरिअरबद्दल थोडक्यात. वेळेला पक्कं, ट्रॅकिंग उत्तम. पण ते वजनासोबत आकारही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त भरलं तर त्याचे पैसे लावतात. वह्या घट्ट आणि जड असतात, तुम्हाला त्याचा फटका कमी. उशा विकणाऱ्यांना विचारा. कस्टम्सचं काम करण्याचं शुल्क ते खरेदीदाराकडून वेगळं घेतात आणि कधी ते एका वहीच्या किमतीला भारी पडतं. मोठ्या ऑर्डरीला कुरिअरचा पर्याय ठेवा, निवड खरेदीदाराला करू द्या.

आता ७१ दिवसांचं पार्सल. तुम्ही पैसे परत केलेत ते बरोबर केलंत. चूक त्याआधी झाली, ऑर्डर आली तेव्हा. तुम्ही किती दिवस सांगितले होते? बहुतेक टपालाच्या वेबसाइटवर छापलेले. ते दिवस टपालाचे आहेत, आणि त्यांत कस्टम्स धरलेलं नसतं. तुमच्याकडे तीन वर्षांच्या पावत्या आहेत. एका रविवारी बसा आणि देश, पाठवल्याची तारीख, पोचल्याची तारीख एवढे तीन रकाने भरा. प्रत्येक देशाचं सगळ्यात उशिरा पोचलेलं पाकीट सोडून द्या, त्याच्या आधीचं धरा. तेवढे दिवस त्या देशाला सांगा. ज्या देशांत तुमची पाकिटं सारखी अडतात ते आपसूक उठून दिसतील. ते यादीतून काढा. परदेशी विक्री बंद करायची गरज नाही, तीन-चार देश बंद केले तरी बरीच झोप परत येते.

आणि खरेदीदाराने विचारायच्या आधी तुम्ही लिहा. मी माल टाकला त्याच दिवशी असा मेल पाठवते:

‘तुमच्या वह्या आज पाठवल्या. पुढचे काही दिवस ट्रॅकिंगवर काहीच हललेलं दिसणार नाही. माल बंद पोत्यात प्रवासात असतो. अमुक तारखेपर्यंत मिळाल्या नाहीत तर मला लिहा. तेव्हा दुसऱ्या वह्या की पैसे परत, हे तुम्ही सांगाल तसं करू.’

यातली तारीख नेमकी हवी. ‘लवकरच’ लिहिलंत की चौथ्या दिवशी मेल येतो. तारीख लिहिली की बहुतेक माणसं तारखेपर्यंत थांबतात. ती तारीख कार्डाच्या तक्रारीची मुदत संपण्याच्या पुरेशी अलीकडे ठेवा, नाहीतर खरेदीदाराला वाटतं की तुम्ही मुद्दाम वेळ काढताय.

शेवटी ते सहा वह्यांचं रजिस्टर्ड पार्सल. हे वाचून झाल्यावर आधी तेच काम करा. आंतरराष्ट्रीय टपालाची चौकशी माल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावी लागते. तुमचे पाच होत आलेत. चार खेपांमध्ये तुम्ही खिडकीत तोंडी विचारलंत, आणि तोंडी विचारणं ही चौकशी धरत नाहीत. लेखी अर्ज मागा. तो पाठवणाऱ्याने द्यायचा असतो, कारण टपालाचा करार तुमच्याशी आहे. सोबत पावती, कस्टम्स फॉर्मची प्रत, बिल आणि खरेदीदाराचा ‘मला मिळालेलं नाही’ असा मेल जोडा. पाकिटाचा फोटो असेल तर तोही. ‘थोडं थांबा’ म्हणाले तर ‘थांबते, पण अर्ज घ्या आणि नंबर द्या’ म्हणा. अर्ज नोंदला गेला की पलीकडच्या देशाला उत्तर द्यावं लागतं.

भरपाईची फार आशा धरू नका. रजिस्टर्ड वस्तू हरवली तर आंतरराष्ट्रीय नियमांत त्यासाठी ३० एसडीआर धरलेत. एसडीआर म्हणजे पाच मोठ्या चलनांवर बेतलेलं हिशोबाचं एकक, त्या दिवशीचा भाव आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या (आयएमएफ) वेबसाइटवर दिसतो. सहा वह्यांची किंमत त्यातून कदाचित निघणार नाही. पण पोत्यासोबत पार्सल कुठे अडकलं ते निदान कळेल, आणि माझ्या अनुभवात दोनदा तर चौकशी लागल्यावर पार्सलच हललं.

आणि ज्या खरेदीदाराने पाच महिने बँकेकडे धाव न घेता तुमच्यावर विश्वास ठेवलाय, त्याला चौकशीच्या निकालापर्यंत ताटकळत ठेवू नका. नव्या वह्या हव्यात की पैसे, हे आज रात्रीच विचारा. अर्जाचा नंबर मिळाला की मलाही कळवा.